माप निथळेपर्यंत

मापाडी आबा दूध मोजून झालं की माप कॅनच्या तोंडावर उपडं धरायचे आणि तसेच उभे राहायचे. एक थेंब पडायचा. मग दुसरा. मग बराच वेळ काहीच नाही. रांगेतली एखादी बाई कंटाळून म्हणायची, "आबा, झालं की आता."

"निथळू द्या. एवढी घाई हाय तर म्हशीला सांगायचं, लवकर पान्हा सोड म्हनावं."

मग तिसरा थेंब पडायचा आणि आबा पुढच्याची चरवी हातात घ्यायचे.

तो तिसरा थेंब माझ्या डोक्यात जायचा. मी तेव्हा त्याच दूध संस्थेत फॅट काढायला बसायचे. आमचं गाव नेकनूरच्या बाजूचं, कोरडं. संस्थेचे चेअरमन म्हणजे माझे सासरे. गावातली पहिली मॅट्रिक सून म्हणून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं होतं, आणि मला वाटायचं, खुर्ची माझ्यामुळेच उभी आहे. मनगटावर घड्याळ असायचं. ते दिसावं म्हणून मी थंडीतसुद्धा शाल कोपरापर्यंत सरकवून बसायचे आणि दिवसभर कुडकुडायचे. कुणी वेळ विचारली नाही तर मीच सांगायचे.

फॅटचे आकडे मी कागदावर लिहायचे आणि त्या कागदाची विड्यासारखी तिकोनी पुडी करून टोक आत खोवायचे. साधी घडी मला अडाणी वाटायची. ती पुडी आबा दुधाच्या ट्रकवाल्याला नेऊन द्यायचे. रोज तळहातावर घेऊन विचारायचे, "वैनीसाब, आकडा हाय का सुपारी?" मी हसायचे नाही. शिकलेल्या बाईनं हसू नये असा माझा तेव्हा समज होता.

संस्थेच्या शेजारी रशीदभाईंचं सायकलचं दुकान. त्यांच्याही दोन म्हशी होत्या, म्हणून तेही सभासद. कालचा पेपर आज पहिल्या बसनं यायचा, आणि रशीदभाई तो रांगेपुढे मोठ्यानं वाचायचे. त्या साली दिल्लीतलं सरकार पालटलं होतं. निकाल लागून महिने झाले तरी आमच्या रांगेत मोजणी चालूच होती. कोण कशामुळे पडला, कुणी कुणाला आतून पाडला, कुणाच्या मेहुण्यानं कुठं तोंड काळं केलं. प्रत्येकाकडे आतली बातमी होती. दूध तेवढं कमी होतं.

आबा सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी एकच बोलायचे.

"मोजलं खरं. पर इचारलं का?"

मी एकदा त्यांना शिकवायला गेले. "आबा, मत घेणं म्हणजेच विचारणं. लोकशाहीत तसंच असतं."

"त्यात मानूस इचारतेत, वैनीसाब. कुनाला बसवू, एवढंच. बसून काय करू, ते कुनी इचारलंय का आजवर?"

मी घड्याळात पाहिलं.

आणि मग एका सकाळी रशीदभाईंनी वाचलं की, राज्यघटनेचा गाभा बदलायचा असेल तर नुसत्या खासदारांच्या मतावर बदलू नये, सगळ्या देशाला विचारावं, लोकांनी हो किंवा नाही सांगावं, असं सरकारच्या मनात आहे. तिसरा थेंब पडायच्या आधीच आबांनी माप खाली ठेवलं. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"परत वाच बे."

रशीदभाईंनी परत वाचलं.

"समद्यांना इचारनार? शिरूरच्या ऊसतोड्याला बी?"

"सबको, आबा. पर अभी खाली बात हय. दिल्ली की बात, बीड की बारिश. आयी तो आयी."

ती बात पुढे दिल्लीतच अडकली, गावापर्यंत काही आली नाही. पण आबांना ते पटेना. पेपर आला की ते विचारायचे, "आपल्याला इचारायचं कुठवर आलं?" जणू तलाठी घरी नोटीस घेऊन यायचाच होता.

त्यांना विचारण्याची वेळ आली ती वेगळ्याच दारानं.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला होता. कडब्याची पेंढी बघायला मिळेना. अर्ध्या गावानं जनावरं विकली आणि कोयते घेऊन ऊसतोडीला निघून गेलं. आबांनी आपली एकुलती म्हैस विकली. बायको आणि दोन्ही मुलं टोळीबरोबर गेली. आबा मागे राहिले ते फक्त मापासाठी. "हात हालतो तवर माप सोडनार न्हाई," असं म्हणायचे. पगार म्हणावा असा काही नव्हता, पण मापाडी सभासदांतलाच असायचा, आणि सगळ्या गावानं त्यांच्या हातावर विश्वास ठेवला होता. माणसाजवळ म्हैस नसली तर निदान एवढं तरी असावं लागतं.

त्याआधी संस्थेची निवडणूक झाली होती. सासऱ्यांचं पॅनल जेमतेम वाचलं. ऊसतोडीची मंडळी तेव्हा गावात होती आणि त्यांनी एकगठ्ठा विरोधात मतं टाकली होती. तो निकाल सासऱ्यांच्या घशात अडकला होता. एक दिवस ते मला म्हणाले, "सूनबाई, संस्थेला शिस्त पायजे. पोटनियमात दुरुस्ती करू. तुमची भाषा चांगली हाय, तुमी लिवा."

भाषा चांगली आहे म्हटल्यावर मी काय थांबते? "सबब", "उपरोक्त" आणि "तदनुषंगाने" हे तिन्ही शब्द मी एका वाक्यात बसवले. अर्थ एवढाच होता की, ज्यानं वर्षात नव्वद दिवस दूध घातलं नाही, त्याचं सभासदत्व रद्द. सासऱ्यांनी त्यात गणित पाहिलं होतं. मी शिस्त पाहिली. लिहिताना आबांची विकलेली म्हैस माझ्या डोळ्यांपुढे आली का, असं कुणी विचारलं तर खरं सांगते, आली. मी तिला म्हटलं, बाई, नियम म्हणजे नियम.

आबांना कळलं तेव्हा ते माप हातात घेऊनच ऑफिसात आले.

"चेअरमनसाब, पट्टा पडू द्या. कारखाने बंद झाले की टोळ्या येतील. मग इचारा."

"नियमात हाय, आबा. हजर असतील त्यांचं मत."

"मग हात वर करून नगा इचारू. तुमच्या डोळ्यांदेखत कोन हात खाली ठेवंल? चिठ्ठ्या टाकू द्या."

सासरे हसले. गावात उरलेले बहुतेक त्यांचेच होते, त्यांना कसली भीती? "बरं. तुमच्या दिल्लीवानी करू. हो का न्हाई."

आबांचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी चिठ्ठ्या कापायला बसले.

निवडणुकीची पेटी तालुक्याहून यायची, पण पोटनियमासाठी पेटी कोण देतो? म्हणून दुधाचाच एक कॅन घेतला. तोंडावर फडकं ताणून बांधलं, फडक्याला चीर पाडली, दोरीला लाख लावली. आता ऐका, आमच्यासारख्या दूधवाल्यांकडून होणारी चूक. त्या सकाळी आबांनी सवयीनं कॅन धुतला. टँकरचं पाणी घरात चुळीपुरतं मिळत होतं, तरी त्यांनी तांब्याभर पाणी घालून कॅन खळखळून काढला. न धुतलेल्या कॅनात काही टाकायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं.

त्रेसष्ट जणांनी चिठ्ठ्या टाकल्या. मंजूरपुढे फुली नाहीतर नामंजूरपुढे फुली. सभासद मीही होते; मी मंजूरपुढे टपोरी फुली मारली आणि चिठ्ठीची आपली तिकोनी पुडी केली.

मोजणी मारुतीच्या पारावर झाली. कॅनचं तोंड अरुंद, म्हणून बांगड्यांचा हात घालून चिठ्ठ्या मीच बाहेर काढल्या. तळ चाचपला आणि सगळ्यांना सांगितलं, "रिकामा." माझ्या शब्दाला वजन होतं, कारण घड्याळ होतं.

दुरुस्तीला तीन हिश्श्यांतले दोन हिस्से मतं लागत होती. म्हणजे त्रेसष्टात बेचाळीस. मंजूर निघाली एकेचाळीस, नामंजूर एकवीस. एक चिठ्ठी कमी.

परत मोजलं. तेच.

"किसीने जेब में डाली, घर ले गया," रशीदभाई म्हणाले. "पान बांधायला. गयी तो गयी. ठराव पडला, चेअरमनसाब." ते विरोधात होते, आणि आनंद लपवायची त्यांना सवय नव्हती. पारावर हशा झाला. कुणीतरी आबांच्या पाठीवर थाप मारली. "वाचलात आबा. राहिलं तुमचं माप."

सासऱ्यांचं तोंड फाटलेल्या दुधासारखं झालं होतं. त्यांनी उपरणं झटकलं. "बरं. लोकांचा कौल हाय," असं म्हणून ते उठलेसुद्धा.

आणि आबा म्हणाले, "थांबा. कॅन निथळला न्हाई अजून."

"आबा, वैनींनी तळ बघितलाय," कुणीतरी म्हणालं.

"तळाचं कोन बोलतंय? कॅनच्या खांद्याला बी दूध ऱ्हातं."

त्यांनी कॅन उचलला, उपडा केला आणि धरून उभे राहिले. काही पडलं नाही. रशीदभाई हळू आवाजात म्हणाले, "आबा, छोडो ना. कावून उगं..." आबांनी बुडावर एक थाप मारली. मग दुसरी. मी मनात म्हटलं, आता ठेवा खाली. तिसरी थाप बसली आणि आतल्या ओल्या खांद्याला चिकटलेली पुडी निसटून पारावर पडली.

तिकोनी. टोक आत खोवलेली.

ती कुणाची, हे त्या पारावर दोघांनाच ठाऊक होतं. आबांनी ती तळहातावर घेतली. रोजच्यासारखीच. माझ्याकडे एकदा पाहिलं. आत काय असणार हे त्यांना न उलगडताही कळलं असेल. दुरुस्ती माझ्याच अक्षरात होती. मी वाट पाहत होते, आता ते सुपारीचं विचारतील. त्यांनी टोक सोडवलं, कागद सरळ केला आणि सगळ्यांना दाखवला.

"मंजूर," आबा म्हणाले. "बेचाळीस झाली."

त्या दिवशी पारावरून कुणी घरी जाईना. सासऱ्यांना जिंकून काय करावं ते कळेना. रशीदभाईंनी दुकानात जाऊन न विकलेल्या सायकलींत हवा भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा आले, माप राखेनं घासलं, माझ्या टेबलावर उपडं ठेवलं. मी खाली मान घालून आकडे लिहीत होते. दूध अजून आलंच नव्हतं, मी कसले आकडे लिहीत होते कोण जाणे.

"आबा," मी म्हटलं, "राहू द्यायची होती ना ती आत. कुणाला कळलं असतं?"

"तुमाला," आबा म्हणाले. "आन वैनीसाब, इतकी वर्सं मीच बोंबलत होतो, इचारा म्हनून. इचारल्यावर जे आलं ते मला नगं म्हनून कसं चालंल?"

दारापर्यंत गेले आणि मागे वळून म्हणाले, "नव्या मापाड्याला सांगा, निथळू देत जा. पोरं घाई करत्यात."

चार दिवसांनी ते टोळीकडे गेले. त्या वयात मोळ्या बांधायला.

मी घड्याळ काढून ठेवलं, असं लिहिलं तर तुम्हाला आवडेल. नाही काढलं. फक्त कुणाला वेळ सांगायचं बंद केलं. आणि दुरुस्तीची उलटी दुरुस्ती लिहून सासऱ्यांपुढे ठेवली. "सबब" एकदाही न वापरता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "भाषा बिघडली तुमची." पण कागद फाडला नाही.

पट्टा पडला, टोळ्या आल्या. आबांची बायको आली, मुलं आली. आबा तिकडेच तापानं गेले होते. बायको म्हणाली, "जाईस्तवर मुकादमाशी भांडत हुते. मोळ्या मोजतोस, पर आमाला इचारतो का, म्हनून." एवढं सांगून ती हसली, आणि मग तिला हसता येईना.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. पाऊस बरा झाला की माणसं उदार होतात, सासरेसुद्धा. सगळ्या टोळ्या गावात असताना माझी उलटी दुरुस्ती मतांना टाकली. ज्यांचं सभासदत्व गेलं होतं त्यांना मत नव्हतं, म्हणून ती माणसं पाराखाली उभी राहून बघत होती. कॅन तोच. या वेळी मी तो कोरड्या फडक्यानं पुसून घेतला होता.

मतं हवी त्याहून जास्त निघाली. चिठ्ठ्या आणि माणसं बरोबर जुळली. लोक उठायला लागले. मी कॅन उचलला आणि उपडा धरला. बुडावर थाप मारली. एक, दोन, तीन.

"वैनी, रिकामा हाय," शेजारून रशीदभाई म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं. "निथळू द्या."