जस्ताच्या पट्टीवरचं बोट

"मानना मत। पहले देखो।" आमच्या शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या बाई वर्गात शिरल्या की आधी हे वाक्य यायचं, हजेरी नंतर. झाशीतल्या जुन्या मराठी घरातल्या त्या. मुलांशी हिंदीत बोलायच्या, माझ्याशी मराठीत, आणि 'अगं'ऐवजी 'गे' म्हणायच्या. मी नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरहून झाशीला आलेली, त्याच शाळेत इतिहास शिकवायचे.

तुम्हाला वाटेल, पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम फिजिक्स, ही कॉलेजातली गोष्ट. बाई ती नववी-दहावीला दाखवायच्या. सीपरी बाजारातून रंगीत एलईडी आणून कोणता किती व्होल्टला पेटतो ते मुलांकडून मोजून घ्यायच्या. लाल आधी पेटायचा, निळा सर्वांत शेवटी. "का गे असं होत असेल?" असं मलाही विचारायच्या आणि मी गप्प बसले की खूश व्हायच्या.

त्यांचा लाडका प्रयोग जस्ताच्या पट्टीचा. पट्टीला ऋण विद्युतभार दिला की तिला जोडलेली वर्खाची दोन पानं फाकतात. साध्या दिव्याचा कितीही झगझगीत उजेड टाका, ती तशीच राहतात. अतिनील दिवा लावला की हळूहळू मिटतात. उजेड किती, यापेक्षा तो कोणता, हे महत्त्वाचं.

विज्ञान प्रदर्शनाला पाहुणे आले त्या दिवशी पानं मिटेनात. गडबडीत पट्टीवर चढलेला काळपट थर घासून काढायचा राहिला होता. पाहुणे घड्याळ बघू लागले. बाईंनी दिवा जवळ सरकवता सरकवता पट्टीला बोट लावलं; भार दिव्यानं नाही, बोटातून निघून गेला. पानं मिटली, टाळ्या झाल्या.

हे मला त्यांनीच दुपारी सांगितलं, डबा न उघडता. मी म्हटलं, कुणाला कळलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मान खाली गेली. त्यांनी जाऊन सांगितल्यावर मुख्याध्यापकांनीही विषय वाढवू नका म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गात सोबतीला नेलं आणि मुलांना सगळं सांगून टाकलं. मुलं रागावली नाहीत. तेच त्यांना जड गेलं. मग त्यांनी पट्टी लख्ख घासून प्रयोग पुन्हा केला. पानं मिटली. मुलं पानांकडे नाही, बाईंच्या बोटांकडे बघत होती.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. अदबीनं म्हणाली, "मैम, आप ज़रा दूर खड़ी हो जाइए। हम करके देखें?"

बाईंचा चेहरा उतरला, पण त्या बाजूला झाल्या. मुलीनं भार दिला, दिवा लावला. पानं मिटली आणि वर्गानं श्वास सोडला.

"ठीक केलं पोरीनं," जिन्यात बाई म्हणाल्या.

निवृत्त होईपर्यंत त्यांनी पुढे एकही प्रयोग स्वतः केला नाही. मुलं टेबलाभोवती, बाई खिडकीपाशी.

आता त्या लेकीकडे भोपाळला असतात. झाशीला आल्या तरी शाळेकडे फिरकत नाहीत. परवा फोनवर मी म्हटलं, मुलं तुमची फार आठवण काढतात.

त्यांनी विचारलं, "कशाची काढतात गे?"