सांडलेलं कोणाचं?

धुळ्याच्या मार्केट यार्डात माझं डोकं असं फिरलं की अजून जागेवर आलेलं नाही. लिहिल्याशिवाय येणारही नाही, म्हणून हा पसारा…

मी जळगावला एका सराफाच्या दुकानात हिशेब बघते. माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात. सुट्टीला गेले होते आणि वडिलांचा, म्हणजे आमच्या आबांचा, मूग नुकताच तयार झाला होता. म्हटलं, चला, आपणही लिलाव बघू.

मूग बघण्यासारखा होता हो! आई-आबांनी अंगणात बसून खडा न खडा वेचलेला. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर चार दाणे ठेवून कौतुक करून घेत होते.

लिलाव सुरू झाला. पोत्यांची तोंडं उघडली. व्यापारी एकामागून एक आले, प्रत्येकाने मूठभर मूग काढला, तळहातावर चोळला, एक दाणा दाताखाली धरला… आणि बाकीची मूठ जमिनीवर टाकली. पोतं समोर उघडं! हात वीतभर पुढे न्यायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

मग वजन. पोती उचलताना, ओतताना आणखी सांडलं. काट्यावर चढलं त्याचे पैसे, खाली राहिलं ते कुणाच्या हिशेबातच नाही.

आबा खाली बसले. टोपी काढली आणि तिच्यात दाणे गोळा करायला लागले. तेवढ्यात आमचा माल विकून देणाऱ्या अडत दुकानाचा माणूस झाडू घेऊन आला. "ओ आबा, खालचं उचलू नका. ते दुकानाचं असतं."

आबा उठले. टोपीतला मूग त्याच्या झाडलेल्या ढिगावर ओतला, टोपी झटकली आणि डोक्यावर घातली. चोरी पकडली गेल्यासारखे बाजूला उभे राहिले… स्वतःच्याच मुगाशेजारी!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच दुकानात शिरले. म्हटलं, पेरला कुणी, निवडला कुणी, आणि खाली पडला की तुमचा कसा? अडत्या अगदी गोड माणूस. आधी चहा मागवला. मग म्हणाला, "ताई, आमच्या लाइनीत असंच चालतं. पहिल्यापासून." मी चहा प्यायले नाही.

लाइन म्हणे! माझ्या नवऱ्याचं मेडिकल आहे. तिथे मुदत संपलेल्या गोळ्यासुद्धा कंपनी परत घेते आणि त्यांचा हिशेब देते. इथे ताजा मूग मालकाच्या डोळ्यांदेखत खाली पडतो आणि मालकाचा राहत नाही. दिवसभराचा झाडलेला ढीग चाळून, पोत्यात भरून विकतात. वरून आपणच हावरे ठरतो.

परतताना गावातल्या पिकअपमध्ये मी आबांसमोर तणतणत होते. म्हटलं, आमच्या सराफ्यात या आणि बघा! कारागिरांच्या खोलीतली धूळसुद्धा रस्त्यावर जात नाही. हात धुतलेलं पाणीही साठवतात. दिवाळीआधी तो सगळा कचरा विकत घ्यायला माणसं येतात, त्यातून सोनं काढतात. एक कण वाया जात नाही आमच्याकडे.

आबा ऐकत होते. मग आपल्या अहिराणीत सहज विचारलं, "तुना दुकानमा खाले पडस ते सोनं कोनं शे?"

उत्तर मला पाठ होतं.

ते दुकानाचं असतं. ग्राहक जुन्या पाटल्या देतो, त्या आटवून आम्ही नवं काही घडवतो, त्यात थोडं वजन कमी होतं. त्याला आम्ही घट म्हणतो. घट ग्राहकाच्या खात्यातून जाते आणि धूळ आमच्या खात्यात येते. इतकी वर्षं मी या दोन्ही नोंदी करते, पण कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. राग कमी झाला नाही, उलट आता तो दोन गावांत वाटला गेला होता.

घरी उरलेली मुगाची पोती विकायला न्यायची होती तेव्हा मुद्दाम रजा टाकून गेले. आबांनी रिकामी पोती उसवून एक भलंमोठं चवाळं शिवून आणलं होतं. गाडीतून पोतं उतरायच्या आधी त्यांनी ते जमिनीवर अंथरलं, चारी कोपरे सारखे केले.

झाडूवाला धावत आला. "आबा, हे काय नवीन?"

"भुई तुमनी शे, चवाळं मनं शे," आबा म्हणाले. "चवाळावर सांडस ते बठ्ठं मनं."

म्हणजे चवाळ्यावर सांडेल ते सगळं आबांचं! झाडूवाला दुकानाकडे बघायला लागला. अडत्याने लिलाव सुरू करायची खूण केली. पहिल्या व्यापाऱ्याने सवयीने मूठ भरली, चोळली, खाली चवाळं बघितलं, आणि मूग परत पोत्यात टाकला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आबांनी फक्त टोपी सारखी केली.

काल आमच्या दुकानात एक बाई आल्या. पाटल्या मोडून बांगड्या करून घेतल्या होत्या. बिल हातात धरून म्हणाल्या, "ही घट म्हणजे काय हो? माझं एवढं सोनं गेलं कुठं?"

माझी जीभ तयारच होती. "ताई, आमच्या लाइनीत…" इथपर्यंत बोलले आणि आबांची झटकलेली टोपी समोर आली. वाक्य तिथेच सोडलं. त्यांना बसायला सांगितलं आणि मालकांच्या केबिनमध्ये जाऊन तोच प्रश्न विचारला.

मालकांनी आधी चहा मागवला. तोही मी प्यायले नाही.