चक्कीवाल्याचे नियम

आमच्या गल्लीतला पिठाचा चक्कीवाला कोरोनाच्या दिवसांत माणसांऐवजी डब्यांना रांगेत उभं करायचा. खडूच्या गोलात डबे ठेवायला लावायचा आणि आम्हाला समोरच्या कडुनिंबाखाली पिटाळायचा. डबा गोलाबाहेर दिसला की दळण सगळ्यात शेवटी. नियमांचा एवढा पक्का माणूस, पण लसीचं नाव काढलं की भडकायचा. "माह्या घरातलं कोणी सुई टोचून आलं, तर त्यानं परत उंबरठा नाही चढायचा," असं त्याने बायकोकडे बघत सगळ्या गल्लीला ऐकवलं होतं.

त्याच बायकोला मी गुपचूप जरीपटक्याच्या लसीकरण केंद्रावर नेऊन आणलं. येताना ती एवढंच म्हणाली, "ताई, त्याईले सांगू नका."

दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन गेले. तिने सवयीने माझा डबा उचलला, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. डबा कलंडला, गहू सांडले. त्याने आधी तिच्या दंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चक्की बंद केली. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती.

"काहून वं, हात दुखून राहिला?"

ती खाली बसून गहू वेचत राहिली.

त्याने डबा स्वतः उचलून ओतला. "राहू दे ते. घरात जाऊन पड. ताप येते म्हणते."

मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुसऱ्या सुईलेबी तुम्हीच नेजा तिले, ताई. मले विचारू नका. विचारलं तं मी नाहीच म्हणीन."

आणि त्याने चक्की सुरू केली.