दत्तोबाची दांडगाई आणि दुर्बीण

आंबीच्या कारखान्यांत ट्रक हमालांची कुठली टोळी उतरवणार, हे मुकादम दत्तोबाच्या मनगटावर ठरायचं. दुसऱ्या गावचा मुकादम गेटवर आला आणि बोलणं वाढलं, की याचा हात आधी चाले. एकाचा जबडा त्यानं असा मोडला, की तो माणूस कितीतरी दिवस नळीनं दूध पीत होता. घरात त्याचा आवाज चढला की बायको अनिता हातातलं काम टाकून मागच्या दारी जाई.

अशा माणसाच्या शौचातून रक्त जाऊ लागलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. हायवेलगत एक जण मूळव्याधीच्या हमखास इलाजाची पाटी लावून बसला होता. ना तपासणं, ना विचारणं. इंजेक्शन टोचायचं आणि पुड्या द्यायच्या. दत्तोबा वर्षभर तिथं जात राहिला. अंगावरचं मांस उतरलं. पोती उचलताना डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली.

मुलगा सत्यमनं संडासात रक्त पाहिलं आणि गोडीगुलाबीनं त्याला कान्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, हातमोजा घालून आतून बोटानं तपासलं.

"आबा, बोटाला काही लागत नाही, पण अंगातलं रक्त फार कमी झालंय. ते कुठून जातंय हे बघितल्याशिवाय मूळव्याध म्हणायचं नाही. तळेगावला दुर्बिणीनं आतडं बघून घ्या. मी चिठ्ठी देते, फोनही करते."

"दुर्बीण कुटनं घालत्यात?"

त्यांनी सांगितलं. दत्तोबा बाहेर आला आणि पायरीवर चिठ्ठी फाडली.

"आबा, त्यो हायवेवरचा डॉक्टरच न्हाई," सत्यम म्हणाला. "त्यानं तुमास्नी फसिवलं..."

पुढचं तोंडातच राहिलं. ठोसा असा बसला की सत्यम फरशीवर आदळला. पुढचा दात ओठ फाडून बाहेर आला. लोक धावले. दत्तोबा मागं न बघता स्टेशनाकडं चालू लागला.

भातकापणीच्या दिवसांत त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. शौच बंद, वाराही सरेना. कळ आली की तो भिंतीवर डोकं आपटी. अनिता धरायला गेली तर तिचा हात पिरगाळला, मग तोच हात घट्ट धरून गुरासारखा ओरडला. हिरवी उलटी झाली. बापाशी बोलणं टाकलेल्या सत्यमनंच गाडी काढली. पुण्यात तातडीनं पोट उघडलं. गाठीनं मोठ्या आतड्याची वाट बुजवली होती. गाठ काढून, शौचाची वाट पोटावर आणून पिशवी लावली. तपासणीत कॅन्सर निघाला.

"तवाच दुर्बीण केली असती तर?" त्यानं सर्जनला विचारलं.

"गाठ लहान असताना सापडली असती. बहुतेक ही पिशवी लागली नसती."



चालता येऊ लागल्यावर एके सकाळी तो पहार घेऊन हायवेवर गेला. पहिल्या घावात काच गेली, दुसऱ्यात औषधांचं कपाट आडवं झालं. पाटीवाल्याला त्यानं गळ्याला धरून भिंतीला दाबलं आणि पहार उगारली. तेवढ्यात पोटावरची पिशवी सुटली. घाण सदऱ्यावरून मांडीवर उतरली, तरी गळ्यावरची पकड सुटेना.

बाकावर इंजेक्शन घ्यायला आलेली सुदुंबऱ्याची झुंबरबाई बसली होती. पळायचंही तिला सुचलं नव्हतं.

"तुमास्नी काय झालंय?" त्यानं दरडावून विचारलं.

"रगत जातंय. दिवाळीपासनं."

पाटीवाल्याचे डोळे पांढरे होत चालले होते. दत्तोबानं त्याला सोडला, तसा तो खाली कोसळला.

"उठा, मावशी."

ती उठेना. त्यानं मनगट धरून तिला ओढत रस्त्यावर आणलं. वासानं रिक्षावाला नको म्हणाला. दत्तोबानं त्याची कॉलर धरली. कान्ह्याला डॉक्टरीणबाईंसमोर तिला बसवून म्हणाला, "हिला बी चिठ्ठी द्या. फाडली तर माज्याशी गाठ हाय."

पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं. तळेगावच्या दुर्बिणीत झुंबरबाईच्या आतड्यात मांसाचा छोटा कोंब, पॉलिप, दिसला. तो तिथंच तारेनं कापून काढला. कॅन्सर झाला नव्हता. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा तिनं काळंनिळं मनगट पुढं केलं.

"त्या पहारवाल्यानं माजा हात मोडायचाच बाकी ठिवला व्हता. आन् त्यानंच मला दवाखाना दावला. दोनी बी लिवा."

दत्तोबा जामिनावर सुटला; त्याच्यावरचा खटला वडगावच्या कोर्टात चालू आहे. पाटीवाल्यावरही गुन्हा नोंदला गेला. केमोच्या दिवशी सत्यम गाडी दारात लावतो, हॉर्न वाजवतो. दत्तोबा पुढची सीट सोडून मागं बसतो.