आंदणाचं सामान

पोरीच्या लग्नात आम्ही हौसेनं आंदण दिलं. पलंग, लोखंडी कपाट, गाद्या, आरशाचं टेबल. पण जावयाची सुरतेला एकच खोली. मोठं घर मिळेपर्यंत हे सगळं ठेवणार कुठे? म्हणून सामान हलवणाऱ्या एका कंपनीच्या नंदुरबारच्या गोदामात भाड्यानं ठेवलं. घर मिळालं की तेच लोक सुरतेला पोचवणार होते.

घर काही मिळालं नाही, पोरगीच परत आली आमच्याकडे रनाळ्याला. जावई हात उचलतो, एवढं तिनं एकदाच सांगितलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मग कंपनीचा फोन आला, मुदत संपली, सामान कुठे पाठवायचं? आंदण माहेरी परत आणणं म्हणजे पोरीचा संसार मोडल्याची गावभर दवंडीच की. आमचे हे म्हणाले, गोदामातूनच विकून टाकू. मग म्हणाले, आणायचंच तर अंधार पडल्यावर आणू. माझं डोकंच फिरलं. अहो, आपण काय चोरी केली? मार तिनं खाल्ला आणि तोंड आपण लपवायचं?

पोरगी आतून सगळं ऐकत होती. आल्यापासून ती स्वतःच्या घरात पाहुणीसारखी वागायची, चहासुद्धा मला विचारून करायची. मीच कंपनीला फोन लावला आणि सांगितलं, सकाळी या, भरउजेडात.

टेम्पो आला तशा गल्लीतल्या बाया ओट्यांवर जमल्या. हे पहाटेच शेतात निघून गेले होते. राग आला मला, आणि कीवही आली. याच माणसानं पोरीच्या पलंगासाठी नंदुरबारची सगळी दुकानं पालथी घातली होती. पोरगी दाराआड उभी होती. हमाल पलंग उतरवायला लागले, तशी शेजारीण विचारतीच झाली, कोणाचं हो एवढं सामान?

मी तोंड उघडणार, तोच मागून यांचा आवाज आला. शेतातून तसेच परतले होते, पाय मातीनं भरलेले.

"मन्ही पोरनं शे," ते म्हणाले. "ती आते आठेच ऱ्हाई." सामान पोरीचं आणि ती आता इथेच राहणार, हे गल्लीनं त्यांच्याच तोंडून ऐकलं.

हमालाला बाजूला सारून त्यांनी पलंगाचं एक टोक उचललं आणि पोरीला विचारलं, कुठे ठेवू? ती बाहेर आली, सगळ्या गल्लीदेखत, आणि तिनं दुसरं टोक धरलं.