फुकटचं सॉफ्टवेअर आणि तलासरीचे चार वाचक

‘शांतता राखा’ ही पाटी आमच्या वाचनालयात वाचकांसाठी आहे. कार्यकारिणीला ती कुणी कधी दाखवलीच नाही, म्हणून तर इतके किस्से साचले. पुस्तकांच्या देवघेवीसाठी एक सॉफ्टवेअर निवडायचं, एवढंच काम होतं. पण अजून कुणी पाहुणे आले की बहीण म्हणते, “ताई, ते सॉफ्टवेअरचं सांग ना.”

नोटबंदीच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी डहाणूला ग्रंथपाल. तलासरीला एका भाड्याच्या गाळ्यात आमची शाखा, ती दशरथ सांभाळायचा. आणि अध्यक्ष रमणभाई. चिकूची वाडी, मोठा आवाज, मन त्याहून मोठं. पण ते दिसायला वेळ लागतो.

*

पहिल्याच मीटिंगला मी सांगितलं, “ओपन सोर्स घेऊ या. फुकट असतं.”

रमणभाई म्हणाले, “बेन, मी पण चिकू फुकट वाटतो. कोणते? खाली पडलेले, नासके.”

मी समजावलं, की तसं नाही, याची आतली रचना सगळ्यांना उघडी असते, कुणीही आपल्या सोयीने बदलू शकतं.

“म्हणजे कुंपण नसलेली वाडी,” ते म्हणाले. “मग ढोरं शिरणारच ने?”

विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

*

मग मुंबईहून विकतच्या सॉफ्टवेअरचा माणूस डेमो द्यायला आला. टाय लावून, मे महिन्यात! बिचारा घामाने निथळत होता. सात दिवसांत पुस्तक परत आलं नाही तर कार्ड आपोआप लॉक, हे त्याने फार कौतुकाने दाखवलं.

दशरथने हात वर केला. “साहेब, आमच्याकडे पुस्तक पाड्यावर जातं. नेतो एक, मग ते घरोघर फिरतं. ज्याला वाचता येतं तो बाकीच्यांना वाचून दाखवतो. आणि जो बाजाराला येईल तो परत आणतो. लॉक कुणाला करायचं?”

“सिस्टीममध्ये असं बसत नाही,” तो म्हणाला. “बसवायचं तर एक्स्ट्रा चार्ज लागेल.”

रमणभाई इतका वेळ डोळे मिटून होते. ‘एक्स्ट्रा’ ऐकल्यावर उघडले. “बेन, तुमचं ते नासकं दाखवा.”

*

फुकटात दोन बरी वाटत होती, एक न्यूझीलंडचं, एक फ्रान्सचं. मी दोन्ही चालवून पाहिली, गुण-दोषांचा मोठा तक्ता केला, रविवार घातले त्यात. फ्रान्सवालं मध्येच फ्रेंचमध्ये काहीतरी बोलायचं. दशरथचा फोन यायचा, “मॅडम, रागावलंय वाटतं. काय करू?” “बंद करून चालू कर,” मी सांगायचे. दुसरं मला तरी काय येत होतं?

मीटिंगमध्ये तक्ता वाचायला उभी राहिले, तर रमणभाई म्हणाले, “न्यूझीलंडवाले क्रिकेट सभ्यपणे खेळतात. तेच घ्या.” सगळ्यांनी माना डोलावल्या. तक्ता तसाच पर्समध्ये परत गेला. मी पण तेच सुचवणार होते.

*

आता पाड्याची सोय. सॉफ्टवेअर आपलंच, मग अख्खा पाडाच सभासद करायचं ठरवलं. पहिलं नाव, डोंगरपाडा. पुढे विचारलं, स्त्री की पुरुष? दशरथ म्हणाला, “बाया जास्त आहेत. स्त्री लिहा.” जन्मतारीख? ती कुणाला ठाऊक! मी त्या दिवसाची तारीख टाकून मोकळी झाले.

संध्याकाळी फोन. “मॅडम, पाडा लहान आहे म्हणतंय. पोलीस भरतीचं पुस्तक देतच नाही, गोष्टींचीच देतंय.”

जन्मतारीख स्वातंत्र्यदिनाची केली, थेट सत्तेचाळीस सालची. तर पाडा ज्येष्ठ नागरिक झाला आणि वर्गणीत सवलत मिळाली. रमणभाईंना अजून सांगितलेलं नाही.

*

पुढच्या वर्षी मात्र हसू पळालं. रिपोर्ट निघाला, तलासरी शाखा, एकूण वाचक चार.

“चार वाचकांसाठी गाळ्याचं भाडं?” रमणभाई म्हणाले. “बंद करा. पुस्तकं इकडे आणा.”

मी सांगितलं, ते चार पाडे आहेत, माणसं नाहीत. ऐकेनात. “मशीन तुमचीच. तीच चार सांगते.” दशरथ खाली मान घालून बसला होता. भरतीची तयारी करणारी पाड्यांवरची पोरं-पोरी त्या गाळ्यावरच अवलंबून होती, आणि ही आफत माझ्या हौसेने आणलेली. मला फार वाईट वाटलं.

पण संस्थेच्या घटनेत होतं, की शाखा बंद करण्याआधी सभासदांचं म्हणणं ऐकायचं. तेव्हा चारही सभासदांना मेसेज गेला, ‘रविवारी सकाळी डहाणूला मीटिंग. सभासदाने स्वतः हजर राहावे.’

रविवारी रमणभाईंनी समोर चार खुर्च्या मांडायला लावल्या. चहाही त्याच हिशोबाने सांगितला.

दहाच्या सुमाराला खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. मग जिन्यात पावलं, आणि ती थांबेचनात. म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, कॉलेजची पोरं, गडी. खुर्च्या भरल्या, सतरंजी भरली, व्हरांडा भरला. एका आजीने पिशवीतून पुस्तक काढून रमणभाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि मांडी घालून बसली.

रमणभाई उठून उभे राहिले. जिन्याकडे पाहत म्हणाले, “दशरथ, हे सगळे सभासद?”

“नाही भाई,” दशरथ म्हणाला. “हा एकच सभासद. बाकीचे तीन मागच्या टेम्पोत आहेत.”