फाईलकाकूंची मधली तिमाही

फाईलकाकूंच्या घरात कोथिंबिरीहून हिरवी एकच वस्तू होती: त्यांच्या पेनातली शाई. कार्यालयात हिरव्या शाईने सही करण्याचा मान वरिष्ठांचा. काकू सेक्शन ऑफिसर म्हणूनच निवृत्त झाल्या आणि राहिलेली हौस त्यांनी फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत भागवली. लोणच्याच्या बरणीवरही हिरवी सही असे.

आदल्या वर्षी माझं बाळ तिसऱ्याच महिन्यात पोटातच गेलं होतं. या खेपेला चौथा लागला, मळमळ ओसरली, फोडणीतला हिंग पुन्हा सुगंधी झाला. मी मात्र श्वास जपून घेत होते. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू एक जाडजूड, कापडी कण्याची फाईल घेऊन वर आल्या.

"पहिली तिमाही म्हणजे प्रोबेशन," त्या म्हणाल्या. "आता तू कन्फर्म. मधली माझ्याकडे."

फाईल त्या स्वतःच उघडत, स्वतःच वाचून दाखवत. भूक वाढेल: मंजूर. पोटाला खाज सुटेल: खोबरेल. झोप डाव्या कुशीवर. लोहाच्या गोळीनंतर लगेच चहा दिसला, की कप उचलून न्यायच्या. "अगं, गोळीवर चहा म्हणजे मंजुरीवर स्थगिती." एकच नियम त्या दोनदा वाचत: बाळ फिरू लागल्यावर कधी थांबलंसं वाटलं, तर त्याच तासाला डॉक्टर.

पण माझं बाळ फिरतच नव्हतं. विसावा आठवडा लागला. डॉक्टर म्हणाल्या, पहिलटकरणीला उशिरा कळतं. काकू म्हणाल्या, "मुदत बावीसपर्यंत आहे. मुदतीआधी स्मरणपत्र पाठवायचं नसतं."

पाचव्या महिन्यात चोरओटी भरतात: चार जवळच्या बायका, बोभाटा न करता. काकूंनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर परिपत्रक काढलं: "गोपनीय. शनिवारी चार वाजता चोरओटी. उपस्थिती अनिवार्य." बत्तीस जणी आल्या. जिना अत्तर आणि चपलांनी भरून गेला.

"चेहरा उजळलाय, मुलगीच होणार, बिल्कुल," एक म्हणाली.

"अच्छा? आणि पोट टोकदार दिसतंय, त्याचं काय, यार?"

"हा विषय कायद्याने बंद आहे," काकू म्हणाल्या. "पुढची या."

माझ्या ओच्यात तांदूळ पडत होते, कोरड्या सरीसारखे. त्या आवाजातच आत काहीतरी हललं. ओंजळीतल्या पाण्यात मासोळीनं कूस बदलावी, इतकंच. मी काकूंचा हात ओढून पोटावर ठेवला. बाहेरून काहीच कळण्याजोगं नव्हतं, तरी तो हात कितीतरी वेळ तिथेच राहिला.

सहावा सरताना त्या भावाकडे अकोल्याला कायमच्या निघाल्या. फाईल माझ्या हाती देत म्हणाल्या, "चार्ज घे."

"आणि सातव्यापासून काय करू, काकू?"

"ते माझ्या सेक्शनमध्ये येत नाही."

टॅक्सी वळल्यावर मी ती फाईल प्रथमच स्वतः उघडली. हिरव्या शेऱ्यांखाली जुन्या, फिकट निळ्या शाईत त्याच अक्षरातल्या नोंदी होत्या: आज भूक लागली, आज पहिल्यांदा फिरलं. कागद तीस वर्षांपूर्वीचे. सहाव्या महिन्यातली शेवटची नोंद दोन वाक्यांची होती.

"आज हालचाल नाही. उद्या दाखवू."

पुढची पानं कोरी होती. माझी लेक आता चार वर्षांची आहे, आणि ते पान मी अजूनही बोटांनी चाचपते. त्यावर हिरव्या शाईचा एक ठिपकासुद्धा नाही.